पहाऱ्यातली सहिष्णुता
सहिष्णुतेला दुबळेपणा मानणाऱ्यांनी कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी पाहावी. कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात ती मुकाट राहते. आपल्या संरक्षक पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राही तिच्या भिंतीतले बीटा-ग्लुकान ओळखतो. शरीर तिला जाणून असते, तरी पेटून उठत नाही. बुरशीच्या गोल पेशींचे लांब तंतू होऊन ते अस्तरात घुसले, कॅन्डिडालायसिन हे विष पाझरले, की मात्र न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावतात. शिक्षा होते ती कृत्याला.

कोणी म्हणेल, पेशींना कसली नीती? मान्य, नीती माणसानेच ठरवायची. पण ‘परका तो शत्रू’ हा निसर्गनियम असल्याचा दावा इथे टिकत नाही. दुबळेपणात तर उलटेच घडते: २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडने पहारा ढिला पडला, तेव्हा हवेत-मातीत सदैव असणाऱ्या म्युकर गटातल्या बुरशींनी रुग्णांचे डोळे, जबडे नेले.