ग्रिलवाचून रिब्ज : भाचीला पत्र

वसई

प्रिय बाय,



ईस्टरच्या रविवारी मिस्सा आटोपून तुझ्याकडे आठ-दहा मुलं जेवायला येणार, त्यांना रिब्ज खाऊ घालायच्या आहेत आणि तुझ्या इमारतीत बाल्कनीवर ग्रिल पेटवायला बंदी आहे, असं तुझ्या आईनं सांगितलं. ग्रिल नाही म्हणून तू चिकन करायच्या विचारात आहेस, हेही कळलं. बेत बदलू नकोस. रिब्ज मऊ व्हायला मंद आच, भरपूर वेळ आणि वरून घट्ट झाकण लागतं, आणि हे सगळं तुझ्या भाड्याच्या घरातल्या ओव्हनमध्ये आहे. माझी सारी नोकरी बोटीवरच्या गॅलीत गेली. आगीच्या धोक्यामुळे आमच्या गॅलीत उघडी ज्योत कधी नव्हतीच, सगळं काम विजेवर. तरी तिथून शेकडो माणसांना रिब्ज वाढल्या आणि ताटांतून परत आली ती निव्वळ हाडं.

बाल्कनीचा नियम मात्र पाळ. लाकडी बांधकामाच्या इमारतीत कोळशाची एक ठिणगी पुरते.

तू ज्या कॅन्सस सिटीत राहतेस, तिथल्या बार्बेक्यूचं मूळ शोधलंस तरी रिब्जना ग्रिल लागत नाही, हेच तुला दिसेल. हेन्री पेरी नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थानं १९०८ च्या सुमारास तिथे धंदा सुरू केला. ओक आणि हिकरीच्या लाकडावर मंद शिजवलेलं मांस तो वर्तमानपत्रात गुंडाळून विकायचा. त्याच्या पश्चात ते काम चार्ली ब्रायंटकडे आणि पुढे त्याचा भाऊ आर्थर ब्रायंटकडे गेलं. ही परंपरा बंद भट्टीची आहे. मांस ज्वाळेपासून दूर, कोंडलेल्या उष्णतेत तासन् तास राहतं. परसातल्या ग्रिलच्या दांड्यांवर, थेट निखाऱ्यावर ठेवलेल्या रिब्ज वरून करपतात आणि आतून चिवट राहतात. तेव्हा तुझा ओव्हन त्या जुन्या भट्टीला ग्रिलपेक्षा जवळचा आहे. धूर तेवढा त्यात नाही, त्याचं पुढे सांगतो.

आधी चिवटपणा कुठून येतो ते समजून घे, म्हणजे घड्याळाकडे बघून घाबरणार नाहीस. बरगड्यांमधलं मांस सतत हलतं, कारण जनावर श्वास घेतं. त्यामुळे त्यात कोलॅजनचे दोरे भरपूर असतात. पायाचं सूप थंड झाल्यावर थिजतं ना, ते याच कोलॅजनचं विरघळून जिलेटिन झालेलं असतं. साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे हे विरघळणं नीट सुरू होतं आणि त्याला वेळ लागतो. डुकराचं मांस ६३ अंशांना खायला सुरक्षित होतं, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. त्या तापमानाला काढलेली चॉप छान लागेल, रिब्ज मात्र चावता चावणार नाहीत. त्यांना आतून ९० ते ९५ अंशांपर्यंत जाऊ द्यावं लागतं. म्हणून ‘शिजलं’ आणि ‘मऊ झालं’ या दोन वेगळ्या पायऱ्या धर.

आता खरेदी. दुकानात दोन प्रकार दिसतील. बेबी बॅक म्हणजे पाठीच्या कण्याजवळच्या, आखूड आणि जास्त वाकलेल्या. त्या लवकर होतात. स्पेअर रिब्ज पोटाकडच्या, मोठ्या, चपट्या, जास्त चरबीच्या. त्यांचीच छातीचं हाड आणि कूर्चा काढून चौकोनी केलेली पट्टी ‘सेंट लुई कट’ म्हणून मिळते. तू ही घे. चरबी जास्त असल्यानं थोडं वर-खाली झालं तरी कोरडी पडत नाही, आणि दहा माणसांना चार पट्ट्या पुरतात. वेष्टनावरचा मजकूर मात्र वाच. पुष्कळ ठिकाणी मांसात मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि त्याची टक्केवारी बारीक अक्षरात छापलेली असते. तसलं मांस घेऊ नकोस. घ्यावंच लागलं तर मीठ निम्म्यावर आण.

गोठलेल्या असतील तर शुक्रवारीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव. शनिवारी दुपारी कागदी रुमालानं कोरड्या कर, नळाखाली धुऊ नकोस. पट्टी उलटी कर. हाडांच्या बाजूला पांढुरका, चिवट पापुद्रा दिसेल. तो विरघळत नाही आणि मसाला आत जाऊ देत नाही. कडेच्या एका हाडावरून चमच्याचं टोक त्याच्याखाली सरकव, टोक सुटलं की कागदी रुमालानं घट्ट पकड आणि ओढ. जमलं तर अख्खा एका दमात निघतो. हे काम कोणावर सोपवू नकोस आणि टाळूही नकोस.

मग मीठ. दर किलोला सपाट चहाचा चमचा बारीक मीठ दोन्ही बाजूंना चोळ आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघडंच ठेव. मीठ आत उतरतं आणि मांस आपला रस धरून ठेवतं. आपल्याकडे इंद्यालाचं मांस सिरका लावून मुरवतात, ते चवीसाठी आणि टिकण्यासाठी. सिरक्यानं रिब्ज मऊ होतील या भरवशावर राहू नकोस, त्याचा परिणाम वरच्या थरापलीकडे फारसा जात नाही.

सकाळी मसाला लाव : पाप्रिका, ब्राऊन शुगर, मिरपूड, लसणाची पूड, थोडं जिरं. आईनं दिलेला बाटली मसाला तुझ्याकडे आहेच, चार पट्ट्यांना मिळून एक चमचा घाल. त्यातल्या भाजलेल्या मसाल्यांचा वास डुकराच्या चरबीशी फार सुंदर जुळतो. त्याहून जास्त मात्र नको, नाहीतर रिब्ज इंद्यालाच्या वाटेनं जातील. इंद्याल तू वेगळं कर, त्याचा मान वेगळा.

ओव्हन २७५ अंश फॅरनहाइटवर लाव, म्हणजे १३५ सेल्सियस. प्रत्येक पट्टी दुहेरी फॉइलवर हाडांची बाजू खाली करून ठेव, दोन चमचे सफरचंदाचा रस किंवा पाण्यात मिसळलेला सिरका बाजूनं सोड आणि कडा अशा मुडप की वाफेला फट मिळू नये. सगळं या मुडपण्यात आहे. उघड्या मांसाला घाम येतो आणि तो सुकताना मांस थंड करतो. त्यामुळे आतलं तापमान पासष्ट-सत्तर अंशांवर तासन् तास अडून बसतं. भट्टीवाल्यांना हा अडथळा चांगला ठाऊक आहे, म्हणून तेही मध्येच मांस गुंडाळतात. तू सुरुवातीपासून गुंडाळलंस की अडथळाच येत नाही, आणि ओव्हनच्या कोरड्या हवेपासून मांस वाचतं.

सेंट लुई पट्टीला तीन ते साडेतीन तास धर, बेबी बॅक घेतल्यास दोन ते अडीच. दोन ट्रे असतील तर अर्ध्या वेळानं वरचा खाली कर आणि अर्धा तास जास्तीचा हाताशी ठेव. दार सारखं उघडू नकोस. तीन तासांनी एका पुडक्याचं टोक सोडून बघ, वाफ तोंडावर घेऊ नकोस. टूथपिक दोन हाडांमधल्या मांसात खुपस. लोण्यात जावी तशी गेली तर झालं. हाडांची टोकं बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकी उघडी पडलेली दिसतील. चिमट्यानं पट्टी एका बाजूनं उचललीस तर ती वाकून वरून थोडी तडकेल. यातलं काही दिसत नसेल तर परत बांध आणि वीस मिनिटं दे. या कामात घाईची भरपाई कुठल्याच सॉसनं होत नाही.

हाड नुसतं ओढताच गळून पडावं, असं पुष्कळांना वाटतं. बार्बेक्यूच्या स्पर्धांतले परीक्षक मात्र तसलं मांस जास्त शिजलेलं मानतात. चावल्यावर दातांची खूण राहावी आणि तेवढंच मांस हाडावरून स्वच्छ सुटावं, ही त्यांची कसोटी, आणि मला ती पटते. मांसाला थोडं अंग राहिलं पाहिजे. जेवायला कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्या वाट्याची पट्टी खुशाल अर्धा तास जास्त ठेव.

पुडकं सोडल्यावर आत जमलेला रस फेकू नकोस. वरची चरबी चमच्यानं काढ, उरलेला रस केचप, सिरका, ब्राऊन शुगर, मोहरीची पेस्ट आणि थोडा मोलॅसेस यांच्याबरोबर दाट होईपर्यंत उकळ. हा सॉस रिब्जवर पातळसा लाव आणि ओव्हन ४२५ फॅरनहाइटवर नेऊन उघड्याच दहा मिनिटं ठेव, मध्ये एकदा पुन्हा सॉस लाव. ब्रॉयलरनं हेच तीन-चार मिनिटांत होतं आणि काळसर डाग फार छान पडतात, पण तेवढा वेळ तिथून हलायचं नाही. साखर क्षणात जळते. पंखा आधीच लाव, नाहीतर धुराचा अलार्म साऱ्या इमारतीला जागं करेल.

धुराची चव हवीच असेल तर धुरावर वाळवलेल्या मिरच्यांची स्पॅनिश पाप्रिका मसाल्यात घाल. बाटलीतला द्रवरूप धूरही मिळतो, तो खऱ्या लाकडाच्या धुराचा अर्क असतो. सॉसमध्ये चार थेंब, त्यापुढे औषधासारखा लागतो. माझं विचारशील तर मी पाप्रिकाच घेतो.

कुणी म्हणेल, आधी पाण्यात उकळ, काम लवकर होतं. ऐकू नकोस. अर्धी चव आणि सुटलेलं जिलेटिन पाण्याबरोबर मोरीत जातं. खरोखर घाई असेल तर प्रेशर कुकर बरा : तळाला कपभर पाणी, जाळीवर गोल वळवून उभ्या ठेवलेल्या रिब्ज, पूर्ण दाबावर पंचवीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. नंतर सॉस लावून ओव्हनमध्ये. तुझ्या आईनं इथे करायचं ठरवलं तर तिलाही हेच सांगीन, शेवट तव्यावर करायचा.

रविवारी सकाळी तू चर्चमध्ये असशील, तेव्हा शिजवण्याचं काम शनिवारीच उरक. त्यासाठी सगळंच एक दिवस अलीकडे घे : गुरुवारी फ्रीजमध्ये काढ, शुक्रवारी मीठ लाव. शिजलेली पुडकी तासाभरात थोडी निवव आणि बंदच फ्रीजमध्ये ठेव. चर्चमधून आल्यावर ३०० फॅरनहाइटवर फॉइलसकट अर्धा तास गरम कर, मग सॉस आणि वरची आच. वाढण्याआधी दहा मिनिटं थांब, पट्टी उलटी करून हाडं नीट दिसत असताना त्यांच्यामधून धारदार सुरी चालव. सोबत कोबीचं कोशिंबिरीसारखं सॅलड आणि पाव पुरे. पावाऐवजी आपले फुगे तळायची उमेद असेल तर मावशीकडून प्रमाण विचारून घे, मला ते तोंडपाठ नाही.

घरच्या सगळ्यांचे आशीर्वाद.

तुझा,
मामा

ता. क. खरेदीआधी ओव्हनची आतली रुंदी मोज. पट्टी लांब असते, मावत नसेल तर दोन हाडांमधून कापून दोन भाग कर. आणि ओव्हनमध्ये टांगायचं साधं थर्मामीटर घे. भाड्याच्या घरांतल्या ओव्हनांच्या खटक्यावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत पुष्कळदा फरक असतो.