तपासणीआधीच निकाल

गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्यातला ९२ टक्के हा आकडा पुढे जगभर गेला. इतक्या जणींना जननमार्गाचा निदान एक तरी आजार होता. सरासरी काढली तर एकीला साडेतीनहून अधिक. ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढंच तोवर धोरणात धरलं जात होतं, त्यामुळे त्या आकड्याने हादरा बसणं साहजिक होतं. पण त्याच अभ्यासातले दुसरे दोन आकडे मला अधिक बोलके वाटतात. तपासलेल्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांनीच काही त्रास असल्याचं सांगितलं होतं, आणि अशी तपासणी आधी कधी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. म्हणजे आजार जवळजवळ प्रत्येकीला, तक्रार निम्म्याजणींची, आणि तपासणीच्या टेबलापर्यंत पोचलेली बाई बाराजणींत एक.

या अभ्यासाशेजारी गोव्यातला एक अभ्यास ठेवून वाचायला हवा. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात जवळपास अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली, ती २००५-०६च्या सुमारास प्रसिद्ध झाली. तिथे साधारण २८ टक्के स्त्रियांना जननमार्गाचा कुठला तरी संसर्ग आढळला, पण शरीरसंबंधांतून पसरणारे म्हणतात तसे संसर्ग त्यात चार टक्क्यांच्या आसपासच होते. बाकीचे योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा समतोल बिघडून होणारे. याहून महत्त्वाचं म्हणजे, अंगावरून पांढरं जातं अशी तक्रार करणाऱ्या स्त्रिया आणि संसर्ग सापडलेल्या स्त्रिया या बऱ्याच अंशी वेगवेगळ्या निघाल्या. त्या तक्रारीचं नातं जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी, नैराश्याशी आणि नवऱ्याकडून होणाऱ्या छळाशी अधिक घट्ट होतं. गडचिरोलीत आजार होता आणि तक्रार नव्हती, गोव्यात तक्रार होती आणि संसर्ग नव्हता. दोन्ही अभ्यास एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगतात: या आजारांच्या बाबतीत तक्रारीवर विसंबता येत नाही. आपली सगळी व्यवस्था मात्र, सरकारी आणि घरगुती दोन्ही, तक्रारीवरच उभी आहे. बाई बोलेल तेव्हा बघू, आणि बोलली की आधी तिच्याकडे संशयाने बघू.

तक्रार का फसवते याचं उत्तर जंतूंच्या वागण्यात आहे. क्लॅमिडियाचा संसर्ग झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. परम्याचा, म्हणजे गनोरियाचा, पुरुषाला सहसा दोन-पाच दिवसांत दणका बसतो, लघवीला आग होते, पू येतो, तो दवाखाना गाठतो. त्याच्याकडून तोच जंतू मिळालेल्या बाईला पुष्कळदा काही कळतही नाही. तो गर्भाशयाच्या मुखातून वर चढतो, बीजवाहिन्यांना सूज आणतो, आणि वर्षांनी तिला मूल होत नाही तेव्हा तिच्या नावापुढे वांझ हा शब्द लागतो. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम दुखत नाही आणि औषधाशिवाय भरून येते. रोग्याला वाटतं, गेलं. नंतर तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ उठतं, तेही जातं, आणि जंतू शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसतो. नागीण जातीच्या विषाणूमुळे गुप्तांगावर फोड येतात, पण हा विषाणू अंगात असलेल्या बहुसंख्य लोकांना त्याचा पत्ताच नसतो. संसर्गानंतर पहिले ठळक फोड कित्येक वर्षांनीही येऊ शकतात. म्हणून आज दिसलेल्या जखमेवरून गेल्या महिन्यात कोण कुठे गेलं होतं हे ठरवता येत नाही. घराघरांत मात्र नेमकं तेच ठरवलं जातं.

आणि ज्याला आपण रोग समजून लाजतो त्यातलं बरंचसं या प्रकारचं नसतंच. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू राहतात आणि तिथलं वातावरण आम्ल ठेवतात. प्रतिजैविकं घेतली, मधुमेह बळावला, गरोदरपण आलं, किंवा स्वच्छतेच्या अति आग्रहाने आतून साबण-डेटॉलने धुतलं की हा समतोल ढळू शकतो. मग दह्याच्या साईसारखा स्राव आणि खाज आली तर बहुधा बुरशी असते. पातळ, करड्या रंगाचा, मासळीसारखा वास येणारा स्राव असेल तर जिवाणूंचा असमतोल. दोन पाळ्यांच्या मध्यावर येणारा पारदर्शक, तार सुटणारा स्राव तर आजारच नव्हे. लघवीची जळजळ बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातला ई. कोलाय मूत्रमार्गात शिरल्यामुळे होते. स्त्रीचा मूत्रमार्ग आखूड असल्याने तिला हा त्रास जास्त. शेतात, बाजारात, बसस्थानकावर जिथे धड संडास नाही तिथे पाणीच न पिणं आणि लघवी दाबून धरणं हा असंख्य बायकांचा रोजचा नेम आहे, आणि तो या आजाराला पोसतो. यातल्या कशालाही कुणाचं वागणं साक्षीला बोलावण्याची गरज नाही.

हा फरक न कळण्याची किंमत किती मोठी असते ते बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९मध्ये तिथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८० हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती, पुष्कळांची चाळिशीच्या आत. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, खाडा पडला की दंड, फडात ना आडोसा ना पुरेसं पाणी. अशा बाईला अंगावरून जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं, की खासगी दवाखान्यात तिला कर्करोगाची भीती घातली जाई आणि पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळे. ज्या स्रावाचं निदान सूक्ष्मदर्शकाखालच्या एका काचपट्टीवर झालं असतं आणि जो आठवड्याच्या गोळ्यांनी बरा झाला असता, त्यासाठी एक अवयव गेला. सोबत बीजकोशही काढले असतील तर हाडांच्या बळकटीलाही अकाली उतार लागला. मुकादमाचा जाच आणि डॉक्टरचा लोभ ही कारणं खरीच आहेत. पण त्यांना जागा मिळाली ती बाईला स्वतःच्या शरीराबद्दल कुणी कधी काही सांगितलेलं नव्हतं म्हणून.

पुरुष या अज्ञानातून सुटलेले नाहीत. धातू जाते या भीतीने खंगलेल्या पुरुषांची मानसोपचाराच्या शास्त्राने स्वतंत्र नोंद घेतली आहे, १९६०मध्ये डॉ. नरेंद्र विग यांनी त्या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. रेल्वेलगतच्या भिंतींवर खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती याच भीतीवर जगतात. त्याच वेळी ज्याला खरोखर परमा झाला आहे तो औषधाच्या दुकानातून अर्धामुर्धा डोस घेऊन मोकळा होतो. परम्याच्या जंतूने सल्फा पचवलं, पेनिसिलिन पचवलं, सिप्रोफ्लॉक्सासिन पचवलं. आता हाताशी फार थोडी औषधं उरली आहेत. मनाने घेतलेला अर्धा डोस ही खासगी बाब राहत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत, आणि लक्षणांवरून द्यायच्या औषधांची रंगीत पाकिटं ठरलेली आहेत: मूत्रमार्गातून पू येत असेल तर करडं, योनीतल्या स्रावाला हिरवं, जखमेला पांढरं, पोटदुखीला पिवळं. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ताबडतोब उपचार व्हावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत पुढे आणली. पुरुषाच्या पुवासाठी आणि जखमांसाठी ती चांगली चालते. स्त्रीच्या स्रावासाठी मात्र ती लंगडी पडते, कारण गोव्याच्या पाहणीने दाखवलं तसं, स्राव ही संसर्गाची भरवशाची खूण नाही. लक्षण नसलेल्या बाईला तर कुठल्याच रंगाचं पाकीट मिळत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की या आजारांत तक्रारीची वाट न पाहता ठरावीक वयात, ठरावीक वेळी, सगळ्यांची तपासणी हाच नियम असावा.

यावर पहिला आक्षेप मर्यादेचा येतो: या गोष्टी उघड बोलल्याने स्वैराचार वाढेल. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं तेव्हापासून हा आक्षेप आपल्याकडे आहे. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तेव्हा हा आक्षेप निदान अंदाजावर तरी उभा होता. आता तो तपासून पाहिला गेला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची लस मुलींना दिल्याने त्यांचे शरीरसंबंध लवकर सुरू होतात किंवा वाढतात का, हे अनेक देशांत पाहिलं गेलं आणि तसं आढळलं नाही. शिवाय आपल्याकडे या संसर्गांचा भार वाहणाऱ्या स्त्रियांत एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशीच, संबंध असलेल्या विवाहितांची संख्या मोठी आहे. त्यांना आणखी कुठली मर्यादा शिकवायची?

दुसरा आक्षेप ऐपतीचा आणि बायका येणारच नाहीत असा. याला उस्मानाबाद जिल्ह्याने, आजच्या धाराशिवने, उत्तर दिलं आहे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास झाला; टाटा मेमोरियल आणि बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं. निकाल २००९मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली त्यातल्या साधारण ८० टक्के स्त्रिया ती करून घ्यायला आल्या. मराठवाड्यातल्या, शेतावर राबणाऱ्या बायका. लाज त्यांनाही होती, पण कुणी नीट समजावून बोलावलं तेव्हा त्या आल्या. त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न मिळालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटातल्या ३१ हजारांवर स्त्रियांना तपासणीविना ठेवणं नैतिक होतं का, हा वाद पुढे झाला आणि तो रास्तच होता. पण इतक्या महागात मिळालेलं ज्ञान वापरायचं नाही हे त्याहून वाईट. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या देशभरात दोन टक्केसुद्धा भरल्या नाहीत. आता तर या विषाणूवरची ‘सर्व्हावॅक’ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच बनते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सगळ्यांची तपासणी केली तर ज्यांना काहीच त्रास नव्हता अशा स्त्रियांच्या हाती शरीरसंबंधांतून आलेल्या विषाणूचा कागद पडेल, आणि त्या कागदावरून त्यांना मार खावा लागेल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच तो कागद तिच्याच हाती द्यायला हवा, सासूच्या किंवा सोबत आलेल्या दिराच्या नव्हे. आणि त्याबरोबर हेही सांगायला हवं की शरीरसंबंध येणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना हा एचपीव्ही विषाणू कधी ना कधी होतो, बहुतेकांच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत निघून जातो, उरला तर कर्करोग व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. तरीही काही घरांत संशय घेतला जाईल. पण तपासणी मोजक्यांचीच होते तेव्हा ती करून घेणारी बाई आपोआप संशयित ठरते. सगळ्या गावाची होते तेव्हा नुसतं तिथे जाण्याने कुणावर बोट दाखवता येत नाही.

याचा दाखला आपल्याकडेच आहे. गरोदर बाईच्या रक्ताची सिफिलिससाठी तपासणी नेहमीच्या तपासण्यांतच होते, हिमोग्लोबिन आणि रक्तगटासोबत. ती करताना कुणी तिला तिच्या किंवा नवऱ्याच्या वागण्याबद्दल विचारत नाही, आणि सुईला हात पुढे करताना तिला लाज वाटत नाही. रोग सापडला तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटांचं इंजेक्शन, संसर्ग जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी सुरुवात झाली तर पोटातलं मूल बहुधा वाचतं. नाहीतर ते मृत जन्मू शकतं किंवा आजार घेऊन येतं. या साखळीतली कच्ची कडी नवरा आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी ठरलेली असते. त्याच दिवशी, त्याच रांगेत, निदान होण्याआधीच प्रत्येक नवऱ्याचं रक्त घ्यावं. नंतर एकट्यादुकट्याला निरोप धाडून बोलावलं तर तो येत नाही, आणि उपचार झालेली बाई बाळंत होण्याआधी त्याच्याकडून पुन्हा तोच जंतू घेते.