बिननावाच्या चिठ्ठ्या

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी जंगलाकडेच्या त्या गावात मोहाचा सडवा कुठे लपवलेला असतो, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगत. दरवर्षी २ ऑक्टोबरला प्रभातफेरी निघे, सडलेल्या यकृताचं चित्र भिंतीवर लागे, पोरं शपथ घेत आणि घरी जात.

नव्या बाईंना एवढ्यावर भागेल असं वाटेना. अमेरिकेतल्या 'डेअर' कार्यक्रमाबद्दल त्यांनी वाचलं होतं. १९८३ पासून तिथे वर्दीतले पोलीस वर्गात येऊन व्यसनांचे धोके समजावत. पुढे संशोधकांनी तपासलं, तर मुलांच्या पिण्यात जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला यकृताची कसली भीती? सोबत्यांत आपण एकटे पडू, ही धास्ती त्याला फार मोठी असते.

बाईंनी आठवीच्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही. वर्गातले किती जण दारू घेत असतील? स्वतः कधी घेतली आहे का? बहुतेकांचा अंदाज वीसच्या वर गेला. स्वतःपुरतं 'हो' लिहिणारे ३२ पैकी ४. दोन्ही आकडे फळ्यावर आले, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पुन्हापुन्हा ते वाचत राहिली.

मग नकाराचा सराव. एक जण लग्नातला दादा झाला, "घे ना बे, सगळेच घेतात." दुसरा आरोग्यावर बोलू लागला.

"भाषण नको," बाई म्हणाल्या. "'मला नको' म्हण आणि तिथून नीघ."

पण त्या चारांतल्या तीन चिठ्ठ्यांवर जवळपास सारखंच लिहिलेलं होतं : बाबा आणायला पाठवतात, येताना घोट घेतो. या पोरांनी घरी 'मला नको' कसं म्हणायचं?

पालकसभेत बाईंनी त्या तीन चिठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं ते सांगितलं. मुलांकडून दारूची ने-आण करून घेतली, तर बालन्याय कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होते, हेही सांगितलं.

"कोणाचं पोट्टं आहे?" एकानं आवाज चढवून विचारलं.

"ते मलाही ठाऊक नाही, भाऊ. नाव घालू नका, असं मीच म्हटलं होतं."

मागून एक बाप उठला. "बाई, आमचं पोट्टं आजपासून जाणार नाही. लिहून घ्या."

चिठ्ठ्या तीन होत्या. सभा संपली तेव्हा बाईंच्या वहीत सात बापांची नावं होती.