खोल जाणारी सरासरी

रावेर-यावलकडची जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगत. हात वर करून उभा राहिलेला पुरुष म्हणजे एक परस. सात परसावर पाणी, नऊ परसावर झरा, असा हिशेब असे. पुढच्या पिढीनं फूट धरले. आता बोअर किती खोल गेला हे विचारलं की उत्तर शेकड्यांतच येतं. माणसाच्या उंचीनं मोजावी अशी ती खोली राहिलेली नाही.

तापीचं हे खोरं महाराष्ट्रात वेगळं आहे. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे धावणारी ही नदी सातपुड्याच्या पायथ्याशी एका खचलेल्या पट्ट्यातून वाहते आणि त्या पट्ट्यात तिनं व तिच्या उपनद्यांनी गाळ भरून ठेवला आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा. तिथं पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरुमात. गाळाचा प्रदेश सगळ्या राज्यात जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. इथं वाळू, रेती आणि पिवळ्या मातीचे थर एकावर एक आहेत, आणि अगदी डोंगराला लागून गोटे-दगडांचा सैल भराव आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. सातपुड्यातून उतरणारे नाले या भरावात शिरले की मुरून दिसेनासे होतात. निसर्गानं बांधलेलं पुनर्भरणाचं तोंडच ते. याच पाण्यावर जळगावची केळी उभी राहिली. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. याच रावेर-यावल तालुक्यांना आता बोलीभाषेत ‘डार्क झोन’ म्हणतात. उपसा पुनर्भरणापेक्षा वरचढ झालेला मुलूख, असा त्याचा अर्थ.

हे ‘डार्क’ ठरतं कशावरून? विहिरीच्या मोजमापावरून. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. अलीकडे गावपातळीवरच्या ३२ हजारांहून अधिक विहिरी त्यांत जोडल्या गेल्या आहेत. काम साधं वाटतं. टेप सोडायची, पाणी लागलं की आकडा लिहायचा. पण शेजारच्या विहिरीवर मोटार चालू असेल तर इथलं पाणीही ओढलं जातं, आणि मग आपण जमिनीखालची पातळी सोडून त्या मोटारीचा परिणाम मोजतो. म्हणून उपसा थांबवून, पाणी स्थिर होऊ देऊन मोजावं लागतं. प्रत्येक वेळी काठावरच्या त्याच खुणेपासून मोजावं लागतं. काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असेल तर पाण्याचीही उंची कळते. अशा उंच्यांचे बिंदू जोडले की भूजल सातपुड्याकडून तापीकडे कसं उतरतं ते नकाशावर दिसू लागतं. दोन वेगळ्या वर्षांचे असे दोन नकाशे एकमेकांतून वजा केले की बदलाचा नकाशा तयार होतो. कुठं किती मीटर गेलं, कुठं किती आलं.

मला या नकाशाचं मोल वाटतं ते एका कारणासाठी. विहीर ज्याची त्याची असते. सात-बाऱ्यावर ती एका नावावर असते, तिची मोटार एका मीटरवर असते, तिच्या आटण्याचं दुःखही एका घराचं असतं. खालचं पाणी मात्र सगळ्यांचं एकच आहे, आणि ते तसं कुणालाही दिसत नाही. शिवारातल्या सगळ्या विहिरी एकाच पाण्याची तोंडं आहेत, हे फक्त त्या कागदावर दिसतं. म्हणून तो कागद कसा काढला जातो याची फिकीर भूशास्त्रज्ञांइतकीच गावानंही करायला हवी.

पहिली गोष्ट मीटरची. सगळे मीटर सारखे नसतात. एक चौरस किलोमीटर गाळाच्या जमिनीत पातळी एक मीटर खाली गेली आणि त्या थराची पाणी सोडण्याची क्षमता दहा टक्के धरली, तर दहा कोटी लिटर पाणी गेलं. काळ्या पाषाणात ही क्षमता दोनेक टक्के असते. तिथं तेवढ्याच घसरणीत दोनच कोटी लिटर जातं. उलटही खरं आहे. पाषाणातली विहीर एका चांगल्या पावसाळ्यात तुडुंब होते, दुष्काळात तळ दाखवते, दरवर्षी आपलं सुखदुःख सांगते. गाळाचं भांडार मोठं. ते वर्षानुवर्षं मुकाट्यानं देत राहतं, त्याची पातळी हळूहळू उतरते आणि भरायलाही तितकाच काळ लागतो. पाषाणावरच्या नाशिक-नगरच्या नजरेनं तापीचा नकाशा वाचणारा माणूस यावलच्या एका मीटरला किरकोळ समजेल, आणि फसेल.

दुसरी गोष्ट तुलनेची. माझ्या मते सगळा प्रश्न इथं आहे. टंचाईचा अंदाज बांधताना यंदाच्या पातळीची तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी करतात. येत्या उन्हाळ्यात टँकर कुठं लागतील हे ठरवायला ही रीत योग्यच आहे. पण खोऱ्याचं दीर्घकाळचं आरोग्य तिच्यावरून सांगायला गेलो की घोटाळा होतो. एक कल्पित विहीर घेऊ. तिचं पाणी दरवर्षी अर्धा मीटर खाली जातं. मागची पाच वर्षं ते २०, २०.५, २१, २१.५ आणि २२ मीटरवर होतं, म्हणजे सरासरी २१. यंदा २२.५. अहवालात लिहिलं जाईल: दीड मीटर घट. पुढच्या वर्षीही दीड मीटर. त्याच्या पुढेही दीडच. वीस वर्षांत पाणी दहा मीटर गेलं, पण प्रत्येक वर्षीच्या कागदावर तोच दीड. मध्येच एखादं साल बरं पडलं आणि पाणी २०.७५ वर आलं की त्याच कागदावर ‘पाव मीटर वाढ’ झळकेल. पाच वर्षांपूर्वीच्या २० मीटरपेक्षा ते अजूनही खालीच आहे, हे कुणाच्या लक्षात राहणार? ज्या काठीनं मोजायचं तीच दरवर्षी खाली सरकते आहे.

याहून खोल दुखणं कोरड्या विहिरींचं. समजा, दहा निरीक्षण विहिरी आहेत. गेल्या वर्षी आठांचं पाणी १८ मीटरवर होतं, दोघींचं साडेतेवीसवर. सरासरी १९.१. यंदा त्या दोन तळापर्यंत आटल्या. नोंदवहीत त्यांच्यापुढं ‘कोरडी’ असा शब्द आला. शब्दाची सरासरी काढता येत नाही. उरलेल्या आठांचं पाणी अर्धा मीटर उतरून साडेअठरावर आलं. सरासरी निघाली १८.५. दहाच्या दहा विहिरींनी पाणी गमावलं आणि आकडा सहा दशांश मीटरनं सुधारला! नकाशा काढणाऱ्यानं ‘कोरडी’ हा शब्द निदान विहिरीच्या तळाइतका खोल धरला नाही, तर नकाशावर सगळ्यात वाईट जागा पांढऱ्या राहतात आणि पाहणाऱ्याला तिथं काही झालेलंच नाही असं वाटतं.

आणखी एक सावधगिरी. गाळात वरचं पाणी आणि खालच्या वाळूच्या थरातलं दाबाखालचं पाणी ही दोन वेगळी पाणी असू शकतात. साध्या विहिरीचा आकडा आणि खोल बोअरचा आकडा एकाच रेषेत ओवला तर नकाशा सुबक निघेल, पण तो जगात कुठंच नसलेल्या पाण्याचा असेल.

अमेरिकेच्या मध्य मैदानात ओगलाला नावाचं विशाल भूजलभांडार आहे. तिथला भूगर्भ सर्वेक्षण विभाग मोठ्या प्रमाणावर उपसा सुरू होण्याआधीची, म्हणजे साधारण १९५० सालची पातळी पाया धरतो आणि तिथून आजवर किती घट झाली याचे नकाशे प्रसिद्ध करत राहतो. त्यात एखाद्या ओल्या वर्षानं फुशारकी मारता येत नाही. आपल्याकडेही सत्तरच्या दशकापासूनच्या नोंदी आहेत. तापी खोऱ्यासाठी तो काळ पाया धरून बदलाचा नकाशा दरवर्षी प्रसिद्ध व्हावा आणि पाच वर्षांच्या सरासरीचा नकाशा त्याच्या शेजारी असावा, एवढं मागणं फार नाही.

हे आत्ताच का बोलायचं? कारण पाण्याच्या दोन्ही बाजूंना मोठे निर्णय झाले आहेत. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९चा, अंमलात आला २०१४मध्ये. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यानं बंधन घातलं, पण सातपुड्याच्या पायथ्याला त्या बंधनाचा धाक मला तरी कुठं जाणवत नाही. २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं बिल उतरलं याचा मला आनंद आहे. पण बिल हाच उपशावरचा उरलासुरला लगाम होता, हेही खरं. दुसरीकडे १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. पावसाळ्यातलं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याला आणून त्या गोटे-दगडांच्या भरावात मुरवायचं, ही तिची कल्पना. धुळे जिल्ह्यात शिरपूरला नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्याचं काम याआधी गाजलं, आणि मग तोच नमुना खालचा खडक न पाहता भलत्याच तालुक्यांत नेला गेला. भूगर्भाशी जुळलेली गोष्ट भूगर्भ सोडून चालत नाही. महापुनर्भरणाची कल्पना या खोऱ्याच्या पोटाशी जुळणारी आहे, म्हणून मला ती पटते. पण पाणी मुरवलं किती आणि वर आलं किती, हे आजचा पाया नोंदवून ठेवल्याशिवाय उद्या कुणालाही सांगता येणार नाही. आधीच्या पातळीचा नकाशा नसेल, तर यश आणि अपयश दोन्ही भाषणांत विरून जातील. नव्यानं मुरलेलं पाणी नव्या बोअरांनी लगेच ओढून घेतलं तर तेही दिसणार नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा ऑक्टोबरचं मोजमाप झालेलं असेल. वर्षातली ही सगळ्यात भरलेली पातळी. तुमच्या गावातली निरीक्षण विहीर कुठली ते ग्रामपंचायतीत विचारा. तिचा यंदाचा आकडा, वीस वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरचा आकडा आणि आजवर ती किती वेळा ‘कोरडी’ लिहिली गेली, या तीन गोष्टी ग्रामसभेच्या फळ्यावर खडूनं लिहून घ्या.