उजेडाला जागा किती द्यायची?

कॅमेरा घ्यायचं ठरलं असेल, तर आज दुकानात जाऊ नका. बोरगाव मेघेतल्या आपल्या घरातच, तिन्हीसांजेला, दिवा लावण्याआधी निवांत बसा. मोबाइल बाजूला ठेवा. खोलीत उरलेला उजेड पाहा. आईच्या कपाळावरच्या आठ्या अजून दिसतात का? मला कशाचे फोटो काढायचे आहेत, आणि तेव्हा उजेड किती असेल, हे स्वतःला विचारा. उत्तराची घाई करू नका.

आता मनाने जवळच्या सेवाग्रामला जा. छायाचित्रकार कनु गांधींनी तिथल्या आश्रमात बापूंचे, म्हणजे महात्मा गांधींचे, फोटो काढले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांचा रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही आणि आश्रमाकडून खर्च मागायचा नाही. म्हणजे कुटीत जो उजेड येईल, त्यावरच सारी भिस्त. रोलायफ्लेक्सच्या प्रचलित नमुन्यात फिल्मवरची चौकट साधारण ५६ मिलिमीटर लांब-रुंद असते. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी उजेड टिपणारा सेन्सर असतो; फुल फ्रेम सेन्सरच्या तुलनेत ही चौकट क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी. एवढी जागा असली की सावलीतल्या बारीक छटाही टिकतात.

या जागेवर थोडा वेळ मन ठेवा.

उदाहरणादाखल निकॉनचे डी ५६०० आणि डी ७५० हे दोन डीएसएलआर कॅमेरे पाहा. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. पहिल्याचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ३५.९ बाय २४. आकडा तोच, पण क्षेत्रफळ दुपटीहून जास्त. शेतात वाफे जास्त पाडले म्हणून पाऊस जास्त पडत नाही. मेगापिक्सेल म्हणजे वाफे, सेन्सर म्हणजे शेत. अंधूक खोलीत फोटोवर जे रवाळ ठिपके उमटतात, ते मुख्यतः उजेड कमी गोळा झाल्यामुळे.

मग मेगापिक्सेल कशाला लागतात? तुमचा सर्वांत मोठा फोटो डोळ्यांसमोर आणा. ८ बाय १२ इंचाच्या सुबक प्रिंटला नऊ मेगापिक्सेलही पुरतात. भिंतभर प्रिंट हवी असेल, किंवा फोटोचा कोपरा कापून मोठा करायचा असेल, तर जास्तीचे पिक्सेल खरोखर कामी येतात.

आता बोर अभयारण्याच्या जंगलात चला. लांबच्या फांदीवर पक्षी बसलाय. इथे लहान सेन्सर सोयीचा: ३०० मिलिमीटरची लेन्स त्यावर ४५० सारखी चौकट देते, आणि लेन्सचं ओझं व किंमत आटोक्यात राहते. मोठा सेन्सर सगळीकडेच सरस, असं मानू नका.

शेवटी बजेटकडे या. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स ५०-५५ मिलिमीटरवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. घरातली माणसं, सणवार, लग्नाचा मांडव हेच तुमचं जग असेल, तर लहान सेन्सरची बॉडी घ्या, उरलेले पैसे या लेन्सवर घाला. आधी आपला उजेड ओळखा, मग प्रिंटचा आकार ठरवा. मेगापिक्सेलचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा.