सैनिकाचा स्वभाव आणि सैन्याची शिस्त

मंदिराच्या पत्रिकेत हा विषय कशास, असे काही वडीलधारी मंडळी विचारतील. परंतु न्याय-अन्यायाचा प्रश्न अवघड वाटला म्हणून टाळावा, हे आम्हांस पटत नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत, असा निर्णय दिला. छावणीच्या फाटकाशी मात्र हा न्याय थबकला. १९५० च्या सैन्य अधिनियमाचे ४६ वे कलम 'अनैसर्गिक' स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनास सात वर्षांपर्यंत कारावास सांगते. आणि जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी, सैन्य परंपरानिष्ठ आहे, तेथे हे चालू देणार नाही, असे पत्रकारांस सांगितले.

शिस्तीसाठी सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संविधानाचा अनुच्छेद ३३ संसदेस देतो. शिस्तीवाचून सैन्य म्हणजे जत्रा, हे आम्हांसही मान्य आहे. अधिकाराच्या बळावर कोणी हाताखालच्या माणसाशी लगट केली, तर तो स्त्रीलंपट असो वा समलिंगी, त्यास कठोर शासन व्हावे. पण रजेवरील जवानाने राजीखुशीच्या माणसाशी जोडलेल्या नात्याने कोणत्या चौकीचा पहारा ढिला होतो? ब्रिटनने ही बंदी २००० साली उठविली, अमेरिकेने २०११ साली. त्यांच्या पलटणी काही मोडल्या नाहीत.

यावर सांगतात की, जवान खेड्यापाड्यांतून येतात, त्यांस हे रुचणार नाही. स्त्री अधिकाऱ्यांच्या हाती तुकड्या देण्याविरुद्धही केंद्र सरकारने हेच कारण पुढे केले होते. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. अजय रस्तोगी यांनी ते फेटाळले. खेड्यांचे नाव घेतले म्हणजे आमचेच घेतले. बमरोली-पांडेसऱ्यातील आपली कितीतरी कुटुंबे खानदेशातील खेड्यांतूनच कामधंद्यासाठी येथे आली. आमच्या अडाणीपणाचा दाखला देऊन कोणा कर्तबगार जवानास किंवा स्त्री अधिकाऱ्यास सेवेतून काढावे, हा आम्हांस आमचाच अपमान वाटतो.

तथापि तो दाखला अगदीच खोटा आहे काय? रजेवर आलेल्या मुलापुढे आई स्थळे मांडते. तो एकामागून एक नाकारतो. कारण पलटणीत सांगावे तर नोकरी जाईल, घरी सांगावे तर घर तुटेल. शेवटी वडिलांच्या शब्दाखातर तो बोहल्यावर चढतो आणि पंधरा दिवसांत सीमेवर परततो. मागे राहिलेल्या त्या मुलीचा विचार कोणी केला आहे?