पाहणाऱ्यावाचून सौंदर्य

कलावस्तूचे सौंदर्य आस्वादकावाचून पूर्णत्वाला जात नाही, हे आपल्या रसचर्चेने सहृदयाला मध्यवर्ती आसन देऊन जवळजवळ गृहीतच धरले आहे. परंतु जपानातील इसे येथील महामंदिराचा रिवाज ध्यानी घेतला म्हणजे हे गृहीतक डळमळू लागते. सूर्यदेवता अमातेरासूचे तेथील अंतर्मंदिर सम्राज्ञी जितोच्या काळी, इ. स. 690 मध्ये, प्रथम विधिपूर्वक नव्याने उभारले गेले, आणि साधारण दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब तसेच मंदिर बांधून देवतेला तेथे नेण्याचा प्रघात पुढे रूढ झाला. इमारतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक विचारात पाडतात ती तिच्याबरोबर नव्याने घडणारी वस्त्राभरणे.

2013 सालच्या बासष्टाव्या स्थलांतरासाठी रेशमी वस्त्रे, आरसे, धनुष्यबाण, तलवारी, एवढेच काय पण विणकामाची सोनेरी मुलाम्याची अवजारेही, अशा 714 प्रकारच्या 1576 वस्तू सिद्ध झाल्या. त्यांतील एका तलवारीच्या मुठीला तोकी नावाच्या पक्ष्याची फिकट गुलाबी पिसे तांबड्या रेशमी दोऱ्याने बांधतात. ती बांधावीत हे 927 साली पूर्ण झालेल्या ‘एन्गिशिकी’ या राजविधींच्या संहितेत नमूद आहे. जपानात जन्मलेला अखेरचा तोकी 2003 मध्ये मरण पावला, पण दफ्तरातील तपशील पक्ष्याच्या दुर्मिळतेपुढे नमते घेत नाही.

एवढ्या निगुतीने घडलेले हे सारे कुंपणांच्या चार रांगांआड जाते, जेथे सामान्य यात्रेकरूची दृष्टी पोहोचत नाही. जुन्या मंदिराचे लाकूड अन्य देवळांच्या कामी येई. या वस्तू मात्र मानवी हाती पडणे अनुचित मानून पूर्वी जाळीत वा पुरीत. आपल्याकडे निर्माल्याची जी गत, तीच त्या कारागिरीची!

मग ती कोणासाठी? ‘देव पाहतो’ हे उत्तर सोपे खरे, पण त्याने देवाला रसिकाच्या गादीवर बसवले जाते आणि कारागीर पुन्हा दरबारी शाबासकीचा उमेदवार ठरतो. मला वाटते, येथे परिपूर्णता ही दानाचीच अट आहे: हयगयीने केलेली वस्तू देवापुढे ठेवता येते, अर्पण करता येत नाही, आणि अर्पण झाले की तिच्यावरचा कर्त्याचा हक्क, कीर्तीचासुद्धा, संपतो.

मेईजी काळानंतर मात्र उतरवलेल्या वस्तू जतन करण्याचा पायंडा पडला, आणि त्यांतील काही आता संग्रहालयात पाहावयास मिळतात. हेतू स्वच्छ आहे. यादवीच्या काळात 1462 पासून 1585 पर्यंत अंतर्मंदिराचा हा विधी बंद पडला होता, तेव्हा हातचे कसब पुसले जाण्याची भीती काल्पनिक म्हणता येणार नाही, आणि पुढच्या कारागिराला समोर नमुना हवाच. तरीपण आपल्या तलवारीला वीस वर्षांनी काचेआडचा का होईना, प्रेक्षक लाभणार आहे हे ठाऊक असलेला लोहार आणि ती अग्नीत वा मातीत जाणार हे जाणून घण उचलणारा त्याचा पूर्वज, या दोघांचे अर्पण एकाच जातीचे मानावे काय, याविषयी माझे मन निःशंक होत नाही.